गाडी डावीकडं ओढते

तीन चाकांची बाबागाडी घ्यायला माणूस दुकानात आला की आधी रंग बघतो. मग पाण्याची बाटली कुठं ठेवायची ते बघतो. चाकाकडं कुणी बघत नाही. मी सांगायला गेलो तर लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला महागाचा माल गळ्यात मारायचाय. म्हणून मी सांगायच्या भानगडीत पडत नव्हतो. सांगायचं काम माझ्या बायकोचं, इंदूचं. मी मागं पाना घेऊन बसायचो.

आमच्या भागातले एक मास्तर दरवर्षी दिवाळी अंक काढतात. त्यांच्या नातवाची गाडी मी दोनदा दुरुस्त केली. ते म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहून द्या. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही मारून मुटकून. पण हो म्हणालो. गमती आहेत त्या लिहितो. एक गोष्ट गमतीची नाही, ती पण लिहितो. खरं तर तीच लिहायची म्हणून हो म्हणालो.

दुकान भिवंडीत. आधी सायकलचं होतं. पॉवरलूमवरची माणसं सायकलनं शिफ्टला जायची तेव्हा सकाळी शटर वर करायच्या आत चार जण हवा भरायला उभे असायचे. मग लोकांनी मोटारसायकली घेतल्या आणि मी माश्या मारत बसलो. त्याच सुमारास काल्हेरकडं गोदामं उठली. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल तिथून लॉटमध्ये मिळायचा. त्यात बाबागाड्या असायच्या. एकीचं चाक गायब, एकीचा ब्रेक लागत नाही, एकीला काहीच झालेलं नाही, नुसता खोका फाटलेला. सायकलवाल्याला त्यात अवघड काय? तोच चाक धरणारा चिमटा, तेच छर्रे, तीच ट्यूब. चाक तेवढं बारकं. त्या दिवसापासून मी बाबागाडीवाला झालो.

तीन चाकी म्हणजे मागं दोन मोठी चाकं आणि पुढं एक. चार चाकीची पुढची दोन्ही चाकं बारकी असतात, आमच्या रस्त्यावर ती खड्ड्यात अडकून बसतात. तीन चाकीचं पुढं एकच चाक असतं पण मोठं असतं, ते चढून जातं. वळते पण लोण्यासारखी. पण ओट्यावर तिरपी चढवली आणि पोर त्याच बाजूला कललं तर गाडी कलंडते. म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये अंतर भरपूर हवं. आणि अंतर भरपूर झालं की गाडी आपल्या घराच्या दारातून आत जात नाही. सगळी गोम तिथं आहे. बाकी दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं पोर बसवायचं नाही, आडवं ठेवायचं, तर पाठ पूर्ण सपाट पडते का बघा. आणि दांड्याला भाजीच्या पिशव्या टांगू नका, गाडी मागं उलटते. एवढंच शास्त्र. मला ते कळायला चार वर्षं लागली, इंदूला पंधरा दिवस.

दाराचं तिनंच काढलं. गिऱ्हाईक तीन चाकीवर हात ठेवायचं, की इंदू सुतळी घ्यायची, मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांना लावायची, तेवढ्यावर गाठ मारायची आणि हातात द्यायची.

"घरी जाऊन दाराला लाव. सुतळी आत मावली तर ये. गाठ भिंतीवर आली तर घेऊ नको."

मी मागून दात-ओठ खायचो. पैसे घेऊन आलेल्या माणसाला सुतळी देऊन परत पाठवते. एकदा एक लूमवाला आला, पहिली मुलगी झालेली, डोळ्यांत नुसता आनंद. त्याला लाल तीन चाकीच पाहिजे होती. अर्ध्या तासानं सुतळी हातात लोंबकळत परत आला.

"चाची, गाठ अटक गयी."

"तर मग ही चार चाकी ने. हिची घडी छत्रीसारखी होते."

"लेकिन चाची, वो लाल..."

"लाल गाडी दाराबाहेर ठेवशील, पोर आत ठेवशील, मग ढकलशील काय?"

तो हसला आणि चार चाकी घेऊन गेला. पुढं त्याच्या गल्लीतून पाच गिऱ्हाइकं आली. पाचही सुतळी मागत आली. माझं नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

एक काल्हेरच्या नव्या बिल्डिंगमधला साहेब आला होता. त्याला सकाळी पोराला गाडीत घालून धावायचं होतं. परदेशात तसं करतात म्हणे. इंदूनं त्याच्या पोटाकडं बघितलं.

"तुम्ही रोज धावता?"

"सुरू करणार आहे."

"मग आधी पंधरा दिवस एकटे धावा. जमलं तर या, गाडी बाजूला काढून ठेवते."

तो वर्षानं आला. पोर तोवर स्वतःच धावत होतं.

आणखी एक तिचा नियम. पोर जन्मायच्या आधी गाडी विकायची नाही, आणि रिकामी गाडी ढकलून दाखवायची नाही. रिकामा पाळणा हलवत नाहीत तसंच. गिऱ्हाइकाला चालवून दाखवायची तर ती पाच किलो तांदळाची पिशवी सीटवर ठेवायची, पट्टे लावायची आणि मग ढकलायची. मुसलमान बायका हसायच्या, पण त्यासुद्धा नंतर म्हणायला लागल्या, चाची, पहले चावल बिठाओ.

आता खरं लिहितो. मला तिचा हेवा वाटायचा. गाड्या मी उभ्या करायचो, आऊट गेलेली चाकं मी सरळ करायचो, आणि लोक माझ्या अंगावरून पुढं जाऊन विचारायचे, चाची कहाँ है. पोरं तिच्या मांडीवर. माझे हात ग्रीसचे, माझ्याकडं कोण पोर देणार? एकदा मी तिला बोललो, "दुकानावर तुझाच फोटो लाव." ती म्हणाली, "लावते. तू काढ." मी दोन दिवस बोललो नाही. आता वाटतं, ते दोन दिवस मला कुणी परत द्यावेत.

तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ती गेली त्याच्या आठ महिन्यांनी पोरीला दिवस राहिले. पोरगी एकुलती, प्रणाली. अंजूरला दिली आहे. सासरे हरिभाऊ, जमीन गोदामाला देऊन मोठं घर बांधलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपला रिवाज. मी खोलीला रंग काढला. पंखा नवा बसवला. सातवा लागला आणि विहीणबाईंचा फोन आला.

"भाऊ, राग मानू नका. तुमच्याकडं बाईमाणूस न्हाय. पोरीला रात्री-अपरात्री काय लागलं तर कोण बघंल? इथंच राहू दे. मी हाय ना."

त्या बोलल्या ते शंभर टक्के बरोबर होतं. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि रंगवलेल्या खोलीत जाऊन बसलो. बायको गेली ती गेली, पोरीचं बाळंतपण पण घेऊन गेली. आणि हे सगळं हरिभाऊंच्या ताटात पडलं. त्यांना जमीन होती, मुलगा होता, बायको होती. आता माझी पोरगी आणि तिचं बाळ पण त्यांचंच. मला जमिनीचं काही नव्हतं. विहीणबाई अजून होत्या, त्याचं होतं. हरिभाऊ चहा मागायचे नाहीत, नुसते ओट्यावर येऊन बसायचे आणि चहा यायचा. ते बघवत नव्हतं.

नात झाली. नाव अन्वी. ती जन्मली त्या दिवसापासून मी दुकानाच्या मागं तिच्यासाठी तीन चाकी करायला घेतली. आयुष्यातली सगळ्यात चांगली. चाकं एका परदेशी गाडीची, खाली सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा, पट्टे नवे शिवून घेतलेले. दांडा मी स्वतः पाईप कापून वेल्डिंग मारून केला. कुणाला सांगितलं नाही. रोज काहीतरी सुधारत बसायचो. तीन महिने असे गेले. चौथ्यात पोरीचा फोन आला.

"बाबा, सासऱ्यांनी अन्वीला गाडी आणलीय. ठाण्याहून. तीन चाकी. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

शुक्रवारी लूमना सुट्टी असते, माझंही दुकान बंद. रिक्षानं अंजूरला गेलो. अंगणात गाडी उभी होती. काळी, चकचकीत. मी गुडघ्यावर बसलो आणि खोट शोधायला लागलो. चाकं फिरवली, आऊट नाही. ब्रेक दाबला, लागला. पाठ खाली केली, सपाट पडली. दांडा वर-खाली होत होता. मागच्या चाकांमध्ये अंतर भरपूर, आणि त्यांचं दार एवढं रुंद की गाडी काय, बैल आत जाईल. मी पुन्हा पहिल्यापासून बघितली. दुकानात वीसेक वर्षांत अशी गाडी आली नव्हती.

हरिभाऊ ओट्यावर बसले होते. "काय व्याहीबुवा, पास का नापास?"

"चालवून बघतो."

मी दांड्याला हात घातला तशा विहीणबाई आतून आल्या. "थांबा भाऊ, रिकामी नका ढकलू." त्यांनी तांदळाची पिशवी आणली, सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरात ते तसंच होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे इंदूचं होतं. हे पण यांच्याकडं आहे.

त्यांचं अंगण सिमेंटचं. डोळ्याला सपाट दिसतं, पण पाणी जावं म्हणून डावीकडच्या गटाराकडं उतार काढलेला आहे. तीन चाकी गाडी उतारावर मोकळी सोडली की उताराकडं जाते, कारण पुढचं एकटं चाक फिरतं. कुठलीही असो. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. मी गाडी ढकलली आणि हात काढून घेतला. गाडी चार हात सरळ गेली आणि डावीकडं वळत वळत गटाराजवळ थांबली.

"बघितलंत?" मी म्हणालो. "डावीकडं ओढते. पुढचा चिमटा वाकडा आहे."

"नव्या गाडीचा?"

"नव्याचाच असतो. मी काय कमी बघितलेत? रस्त्यावर ट्रक चालू असतात, हात सुटला तर गाडी कुठं जाईल सांगता येत नाही."

मला वाटलं ते वाद घालतील. दुकानदाराला फोन लावतील. दुसऱ्या कुणाला दाखवतील. मी भांडायच्या तयारीत उभा होतो. हरिभाऊ उठले, गाडीजवळ आले, चाकाकडं बघितलं.

"तुमी बोललात म्हंजे विषय संपला. आमाला काय कळतंय त्यातलं. तुमीच घेऊन जा ही, सुटे भाग कामाला येतील."

एवढं बोलून ते पुन्हा बसले. माझ्या धंद्यात मी कडू बोललोय, तुसडं बोललोय, पण मालाबद्दल खोटं कधी बोललो नव्हतो. ज्या दिवशी बोललो त्या दिवशी समोरच्यानं एक प्रश्न विचारला आणि विश्वास ठेवला.

काळी गाडी मी दुकानात आणून फडक्याखाली झाकून ठेवली. पुढच्या शुक्रवारी माझी गाडी अंजूरला पोचवली. अंगणात ढकलून दाखवली, पण हात काढला नाही. पोरगी रडली. "बाबा, तुम्ही केलीत?" हरिभाऊंनी पाठीवर थाप मारली. नात त्यात आडवी पडून आभाळाकडं बघत होती. मला जिंकल्यासारखं वाटलं. महिनाभर मी तेवढ्यावर जगलो.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. शुक्रवारी दुपारी रिक्षातून उतरलो तर समोरून विहीणबाई नातीला फिरवून परत येत होत्या. बाई उंच आहेत, माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच. त्या कमरेत वाकून, कोपरं बाहेर काढून गाडी ढकलत होत्या. विहिरीत डोकावणाऱ्या माणसासारख्या. मध्येच थांबल्या, एक हात पाठीवर ठेवला, पुन्हा वाकल्या.

पोरगी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, या दांड्याची उंची वाढवता येते का हो? आईंची कंबर धरलीय."

मी दांडा बघितला. वाढवता येत नव्हता. मीच वेल्डिंग मारलेलं. दुकानात आलेल्या प्रत्येक नवऱ्याला इंदू विचारायची, गाडी घेणारा सोड, ढकलणार कोण, तिला उभी कर. आणि मी नातीच्या गाडीसाठी एकाही माणसाचं माप घेतलं नव्हतं. घ्यायचं सुचलंच नाही. हाताला जी उंची ठाऊक होती त्यावर पाईप कापला. दुकानातला प्रत्येक दांडा इंदू स्वतःच्या पोटाला लावून बघायची. इंदू बुटकी होती.

"कधीपासून वाकून चालवताय?" मी विहीणबाईंना विचारलं.

"पहिल्या दिवसापासनं. तुमी हातानं केलेली. कसं बोलू, भाऊ."

मी घरात गेलो नाही. त्याच रिक्षात बसून भिवंडीला आलो, फडकं काढलं, काळी गाडी रिक्षात घातली आणि चारच्या आत पुन्हा अंजूरला. गाडी अंगणात उतरवली. हरिभाऊ ओट्यावर होते.

"केलात का चिमटा सरळ?"

"चिमटा वाकडा नव्हता."

"म्हंजे?"

"तुमचं अंगण गटाराकडं उतरतंय. कुठलीही गाडी तिकडंच जाणार. मला ठाऊक होतं."

पोरगी बाहेर आली होती, ती तिथंच थांबली.

"मग असं का बोललात?" हरिभाऊंनी विचारलं.

मी येताना रिक्षात दुसरं काहीतरी जुळवलं होतं. तोंडातून आलं ते हे. "तुमची बायको जिती हाय म्हणून."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. मग हरिभाऊ उठले. आवाज चढवला नाही.

"दीड महिना माझी बायको वाकून चालली," ते म्हणाले. "रोज रात्री पाठीला तेल लावून झोपते. तुमच्यासाठी गप बसली." आणि आत निघून गेले.

मला वाटलं आता निघावं. पोरगी खाली बघत होती. विहीणबाईंनी नातीला कडेवर घेतलं होतं. त्या पायऱ्या उतरून आल्या.

"इंदूताई असत्या तर पोर बाळंतपणाला तुमच्याकडं गेली असती," त्या म्हणाल्या. "मी पाहुणीसारखी येऊन बघून गेले असते. मी पण जळले असते, भाऊ. पण गाडीला नावं ठेवली नसती."

मी मान हलवली.

"आता उभे काय ऱ्हायलात. दांडा लावा माझ्या मापाचा."

त्यांना सरळ उभं केलं. कोपर थोडं वाकेल, मनगट सरळ राहील, एवढा दांडा वर घेतला आणि खटका लावला. दोन मिनिटांचं काम. मी तीनदा माप घेतलं, म्हणून पाच लागली. त्यांनी नातीला गाडीत ठेवलं आणि अंगणाला एक फेरी मारली. ताठ चालत.

माझी गाडी मी परत आणली आणि सुटी केली. चाकं दुसऱ्या एका गाडीला लागली. दांडा भंगारात दिला.

हरिभाऊ पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता चहा घेणार का एवढं विचारतात. मी घेतो. पोरगी फोन करते, पण पूर्वीसारखी गाडीबद्दल काही विचारत नाही. दुकानात आता सांगायचं काम मी करतो. सुतळीला गाठ मारून देतो. लोक ऐकतात. चाची कहाँ है, अजून विचारतात. गेली म्हणून सांगतो आणि सुतळी पुढं करतो.

शुक्रवारी दुपारी नातीला फिरवायचं काम विहीणबाईंनी मला दिलं आहे. दांडा मी माझ्या मापाला खाली घेतो, जाताना त्यांच्या मापाला वर करून ठेवतो. नात आता बसायला लागली आहे. गोदामाच्या भिंतीपर्यंत आम्ही जातो, ट्रक बघतो, परत येतो. तासभर ती माझी असते. माझ्याकडं बघून हसते पण. पण विहीणबाई दारात दिसल्या की तिला मी दिसेनासा होतो. दोन्ही हात तिकडं करते, पट्ट्यातून निम्मी बाहेर येते, ओरडते. मला अजून हेवा वाटतो, दर शुक्रवारी वाटतो, कमी झालेला नाही. मी गाडी दाराकडं वळवतो, ब्रेक दाबतो आणि पट्टा सोडतो.